मोटर आणि आर्म आधी, बाकी सगळं मागाहून

अरे, घरी डीजेची टर्नटेबलं घ्यायची म्हणतोस तर आधी एवढं पक्कं धर: जे पुढे बदलता येतं त्याला भुलू नकोस, जे कधीच बदलता येत नाही त्यासाठी पैसे मोज. सुई बदलते, कार्ट्रिज बदलतं, मॅट बदलते, वायरी बदलतात. फोनोचा प्रीअँप बाहेरून लावता येतो. पण मोटर, प्लॅटर, टोनआर्मची बेअरिंगं आणि खालच्या सांगाड्याचं वजन हे जसं आलं तसंच आयुष्यभर राहतं. दुकानदार तुला दिवे दाखवेल, यूएसबी दाखवेल, ब्लूटूथ दाखवेल. ते बघून झालं की मोटरबद्दल विचार आणि आर्मला हात लाव.

बेल्टच्या मशीनच्या वाटेला जाऊ नकोस. नुसतं बसून ऐकायचं असेल तर बेल्टची मशीनं उत्तम असतात, माझं ऐकायचं मशीन बेल्टचंच आहे. पण तुला रेकॉर्ड हाताने धरायची आहे, मागे ओढायची आहे, नेमक्या ठोक्यावर सोडायची आहे. बेल्टच्या मशीनमध्ये मोटर एका कोपऱ्यात, प्लॅटर मधे आणि दोघांना जोडणारा रबराचा पट्टा. रेकॉर्ड धरलीस की पट्टा ताणतो, घसरतो, आणि सोडल्यावर वेग पकडेपर्यंत पहिला ठोका हुकलेला असतो. अशी धरसोड रोज झाली की पट्टा सैल पडतो आणि मग साधं गाणंही डुलायला लागतं. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटरचा आस तोच प्लॅटरचा आस, मधे काही नाही. टेक्निक्सचं 1200 बटण दाबल्यापासून 0.7 सेकंदात पूर्ण वेगाला येतं. सूटकेससारखी दिसणारी छोटी मशीनं तर या कामासाठी बघूही नकोस. त्यांच्या आर्मला बहुधा मागे वजनच नसतं, त्यामुळे सुईचा भार कमीजास्त करता येत नाही.

ही डायरेक्ट ड्राइव्हची सोय जपानच्या मात्सुशिता कंपनीने आणली, टेक्निक्स हे नाव तिचंच. शुइची ओबाता या इंजिनिअरच्या हाताखाली 1970 साली एसपी-10 बाजारात आलं, आणि 1972 साली एसएल-1200. ते काही डीजेसाठी काढलेलं नव्हतं. घरात बसून चांगलं संगीत ऐकणाऱ्यांसाठी ते होतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या पोरांनी आणि क्लबवाल्यांनी त्याच्या मोटरची ताकद ओळखली, आणि 1979 च्या एमके 2 मध्ये कंपनीने क्वार्ट्झवर बांधलेला वेग आणि तो कमीजास्त करायला सरकवायचा पिच फेडर दिला. आज दुकानात दिसणारं जवळजवळ प्रत्येक डीजे टर्नटेबल त्याच एमके 2 च्या आराखड्यावर बेतलेलं आहे. आणि डीजेची कलाही घरातलीच. 11 ऑगस्ट 1973 ला ब्राँक्समधल्या कूल हर्क या डीजेने जी पार्टी केली ती त्याच्या राहत्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये, 1520 सेजविक अव्हेन्यूला. तिथलाच दुसरा डीजे ग्रँड विझर्ड थिओडोर तर लहान मुलगा होता. आई दारात येऊन आवाज कमी कर म्हणून सांगत होती, तेवढा वेळ त्याने फिरती रेकॉर्ड हाताने धरून मागेपुढे केली, आणि त्यातून स्क्रॅच सापडला असं तो स्वतः सांगतो. तेव्हा घरी शिकतोस म्हणून काही कमी शिकतोस असं मनात आणू नकोस.

आता मोटरची ताकद. कागदावर ती टॉर्क म्हणून लिहिलेली असते, किलो-सेंटिमीटरमध्ये. जुन्या एमके 2 चा टॉर्क 1.5, आताच्या एसएल-1200 एमके 7 चा 1.8, आणि पायोनियर डीजेच्या पीएलएक्स-1000 चा 4.5. म्हणजे पायोनियर तिप्पट चांगलं असं समजू नकोस. दीडच्या मोटरवर जगभरातल्या क्लबांनी तीस वर्षं काढली. जास्त टॉर्कचा खरा उपयोग स्क्रॅच करणाऱ्याला: हात जड पडला तरी खालचा प्लॅटर हलत नाही, रेकॉर्ड सोडली की लगेच धावते. एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जाणं एवढंच करायचं असेल तर दीड-पावणेदोन पुष्कळ झालं. उलट हलक्या हाताची सवय कमी ताकदीच्या मोटरवरच चांगली लागते, हे मी कितीतरी शिकाऊ पोरांत पाहिलंय. दुकानात एवढं करून बघ: स्लिपमॅटवर, म्हणजे प्लॅटरवरच्या घसरत्या मॅटवर, रेकॉर्ड फिरत असताना ती बोटाने थांबव आणि प्लॅटरच्या कडेवरच्या ठिपक्यांकडे नजर ठेव. शून्य पिचला मोठ्या ठिपक्यांची रांग स्थिर उभी दिसते. रेकॉर्ड धरल्यावर ती रांग पळायला लागली तर मोटर दमते आहे.

वेगाच्या स्थिरपणासाठी कानाची परीक्षा घे. ठेक्याच्या गाण्यात दोष लपतो. हार्मोनियमचा लांब धरलेला सूर, तानपुरा किंवा संथ आलाप असलेली रेकॉर्ड लाव. सूर जरासा हेलकावतोय असं वाटलं तर ते मशीन तिथेच सोड. मात्र त्याआधी रेकॉर्डचं भोक मधोमध आहे ना ते बघ, कारण भोक सरकलेल्या रेकॉर्डवर उत्तम मशीनही डुलतं.

यानंतर आर्म, आणि इथे घाई करू नकोस. मशीन बंद ठेवून हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचं कार्ट्रिज बसवायचं घर, दोन बोटांत अलगद धर आणि अगदी हलकेच मागेपुढे, वरखाली कर. आर्म जिथे बसवलाय त्या सांध्यात खुडखुड जाणवली तर बेअरिंग ढिलं आहे. मग मागचं वजन फिरवून आर्म तरंगता कर, म्हणजे तो ना खाली पडेल ना वर जाईल. त्याच्या टोकावर हळूच फुंकर घाल. चांगला आर्म न अडखळता आडवा जातो आणि मधेच कुठे चिकटत नाही. स्वस्त मशीनं इथेच उघडी पडतात.

सरळ आर्म की एस आकाराचा? सरळ आर्मवर स्क्रॅच करताना सुई कमी उडते, म्हणून स्पर्धेत उतरणारी मंडळी तो पसंत करतात. पण सरळ आर्मची सुई खाचेत वाकडी बसते, त्यामुळे आवाज मळतो आणि रेकॉर्ड लवकर झिजते. तू त्याच मशीनवर घरातल्या रेकॉर्डही ऐकणार आहेस. एसचाच घे.

घरातल्या रेकॉर्डवरून आठवलं. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या एलपी आणि तुझ्या सरावाच्या रेकॉर्ड यांना एकच सुई लावायची नाही. हे मी तुला विनवून सांगतो. डीजेच्या सुईचं टोक बहुधा गोल असतं आणि ती तीन ते चार ग्रॅम भाराने चालते, म्हणून मागेपुढे ओढली तरी खाचेतून निसटत नाही. ऑर्टोफॉनच्या काँकॉर्ड जातीतली मिक्स सुई तीन ग्रॅमवर चालते, स्क्रॅचची चारवर. ऐकायच्या सुईचं टोक लंबगोल, भार दोन ग्रॅमच्या आसपास. ती खाचेतले बारकावे वाचते, पण उलट ओढलीस तर खाचही खरवडते आणि स्वतःही जाते. यावर उपाय सोपा आहे. एस आर्मला हेडशेल फिरवून काढता येतं, तेव्हा दोन हेडशेल ठेव, एक सरावाचं आणि एक ऐकायचं. बदलल्यावर दर वेळी भार नव्याने लाव. अँटी-स्केटिंग शून्यावर, आर्म तरंगता, वजनावरचा आकडा शून्यावर आण, आणि मग वजन फिरवत कंपनीने सांगितलेल्या ग्रॅमवर ये. सुईचा भार मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घेच. आमच्या काळी लोक सुई उडते म्हणून हेडशेलवर नाणं ठेवायचे. त्या नाण्यांनी किती रेकॉर्ड खाल्ल्या त्याची गणती नाही.

घरात 78 च्या जुन्या लाखेच्या रेकॉर्ड असतील तर त्यांची खाच रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी लोळत राहते. त्यांना साधारण तीन मिलची, म्हणजे पाऊणशे मायक्रॉनच्या आसपासची वेगळी सुई लागते. शिवाय मशीनला 78 चा वेग हवा. एमके 7 ला तो आहे, ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-120 एक्सला आहे, पीएलएक्स-1000 ला नाही. आणि लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नकोस, लाख विरघळते. लग्नामुंजींना लाउडस्पीकर भाड्याने देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि चांगल्या चांगल्या रेकॉर्ड अशा साफसफाईने पांढुरक्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

पिचबद्दल दुकानात तुला पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारा फेडर कौतुकाने दाखवतील. तू हार्मोनियमवर बसलेला आहेस, तेव्हा तुला हे पटकन कळेल: वेग सहा टक्क्यांनी वाढवला की गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतं, पांढरी एकचं काळी एक होतं. आठ टक्क्यांना ते त्याहूनही पुढे जातं. त्यापलीकडे गायकाचा गळा ओळखू येईनासा होतो. घरच्या कामाला अधिक-उणे आठ पुरतं, सोळा मिळाले तर बरे. फेडरची लांबी तेवढीच असते, त्यामुळे टक्क्यांचा आवाका जितका मोठा तितका प्रत्येक मिलिमीटरमागचा फरक मोठा, आणि ठोक्याला ठोका जुळवायला बारीक फरकच लागतो. फेडर शून्याजवळ हळू सरकवून बघ. तिथे तो अडखळत असेल किंवा थोडं सरकवूनही वेग हलत नसेल तर तुला रोज त्रास होईल, कारण बहुतेक काम तिथेच चालतं.

आता जोडणी. सुईतून येणारा आवाज फार बारीक असतो, जेमतेम पाच मिलिव्होल्टच्या घरात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि तार चढवलेली असते, नाहीतर खर्जाच्या खाचा एकमेकींत घुसतील. वाजवताना तेच उलटं करून आवाज मोठा करायचा हे फोनो प्रीअँपचं काम. डीजे मिक्सरमध्ये तो बहुधा आतच असतो. मिक्सर घेताना त्याला दोन फोनो इनपुट आहेत ना एवढं आधी बघ, बाकीचं नंतर. काही टर्नटेबलांतही प्रीअँप असतो. एलपी-120 एक्स आणि पीएलएक्स-500 ला तो आहे, आणि मागे फोनो-लाइनचं बटण आहे. ते बटण लाइनवर ठेवून वायर मिक्सरच्या फोनोत घातलीस तर आवाज फाटेल. उलट केलंस तर लांबून आल्यासारखा, खर्ज नसलेला किरटा आवाज येईल. नवी मशीनं खराब म्हणून परत घेऊन आलेली कितीतरी पोरं मी हे एक बटण सरकवून घरी पाठवली आहेत.

घूंघूं आवाज आला तर मशीनला दोष देण्याआधी अर्थची बारीक वायर बघ. टर्नटेबलच्या मागून निघालेली ती दुफाट्या टोकाची वायर मिक्सरच्या मागच्या स्क्रूला घट्ट आवळायची असते. ती लावूनही घूंघूं राहिली तर भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या पिनेमागे काहीच जोडलेलं नसतं, असं सर्रास आढळतं. हे आवाजापुरतं नाही, जिवाशी संबंधित आहे. सॉकेट दुरुस्त होईपर्यंत मशीन लावू नकोस.

मेजाला मशीनइतकंच महत्त्व दे. 1200 ची रुंदी साधारण 45 सेंटिमीटर. दोन मशीनं आणि मधे मिक्सर मिळून सव्वा मीटर लांबी लागते. उंची स्वयंपाकाच्या ओट्याहून जराशी जास्त ठेव, म्हणजे उभ्याने वाकावं लागणार नाही. मेज हलकं असेल तर चालताना सुई उडते. त्यावर कडप्पा किंवा शहाबादी फरशीचा जाड तुकडा टाक आणि फरशीखाली रबराचे तुकडे ठेव. लाकडी तक्तपोशीच्या जुन्या घरात तर हे करावंच लागतं. आणि स्पीकर त्याच मेजावर कधी ठेवायचे नाहीत. खर्जाचा हादरा मेजातून सुईत जातो, सुई तो पुन्हा स्पीकरला देते, आणि काही क्षणांत खोली गुरगुरायला लागते. स्पीकर वेगळ्या स्टँडवर, भिंतीपासून थोडे सुटे. शेजाऱ्याच्या छतातून जातो तो खर्जच, तेव्हा रात्री कानाला बंद बसणारा चांगला हेडफोन वापर. स्पीकरपेक्षा तुला त्याचीच गरज आधी आहे, कारण पुढची रेकॉर्ड जुळवायची ती हेडफोनमध्येच.

पावसाळ्यात हेडशेलच्या मागच्या चार पिनांवर काळसर थर चढतो आणि एका बाजूचा आवाज जातो. कापसाला थोडं आयसोप्रोपिल लावून त्या पुस. झाकण नेहमी ठेव, फेडरच्या फटीत धूळ गेली की तो खरखरतो.

अमेरिकेतल्या आत्याकडून मागवायचा विचार तुझ्या मनात आला असेल. मशीनच्या मागची पाटी वाचल्याशिवाय हो म्हणू नकोस. तिकडची वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. जपानची 100 व्होल्ट. आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. काही मशीनं दोन्हींवर चालतात, काही नाहीत, आणि न चालणारं मशीन इथल्या सॉकेटमध्ये घातलं की आतला पुरवठा जळतो. ट्रान्सफॉर्मर लावून काम भागतं, पण तो जड असतो आणि जवळ ठेवला तर त्याचीच घूंघूं कार्ट्रिज उचलतं. शिवाय एक पीएलएक्स-1000 तेरा किलोचं आहे, आत्याची अर्धी बॅग त्यातच जाईल. बाहेरची वॉरंटीही इथे बहुधा चालत नाही. इथे अधिकृत विक्रेत्याकडून घे, बिल आणि खोकं सांभाळून ठेव.

जुनं स्वस्तात मिळतंय असं कुणी सांगेल. 1200 चं उत्पादन 2010 साली बंद झालं आणि 2016 साली नव्या रूपात सुरू झालं, तोवर जुन्या मशीनना फार मागणी होती. ओळखीच्या घरातलं, एका हातात राहिलेलं मिळालं तर जरूर घे. पण क्लबात रात्र रात्र घासलेलं, आर्म दोनदा आपटलेलं मशीन नवशिक्याने घेऊ नये. सुई उडाली तर चूक हाताची की मशीनची हे तुला अजून ओळखता येत नाही, आणि शिकताना ती शंका असू नये. म्हणून तुझ्यासाठी मी नवंच म्हणतो.

रेकॉर्डचा खर्च मात्र डोळ्यांसमोर ठेव. आपल्याकडे नव्या एलपी महाग आहेत आणि मराठी गाण्यांच्या नव्या रेकॉर्ड मोजक्याच निघतात. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटला फिरलास तर जुन्या मिळतील, पण त्या सरावात झिजवायच्या नाहीत. यातून वाट काढायची तर टाइमकोडच्या रेकॉर्ड आहेत. त्यांच्यावर गाणं नसतं, एक खुणेचा सूर असतो. सेराटो किंवा ट्रॅक्टरसारखं सॉफ्टवेअर त्यावरून तुझा हात ओळखतं आणि कॉम्प्युटरमधलं गाणं तसं हलवतं. त्यासाठी मिक्सर त्या सॉफ्टवेअरला चालणारा हवा. टर्नटेबलच्या पाठीवरच्या यूएसबीने हे होत नाही, ती रेकॉर्डवरचं गाणं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेण्यासाठी असते. आणि रेकॉर्डला हात लावण्याची ओढच नसेल, फक्त गाणी जोडायची असतील, तर सरळ कंट्रोलर घे. त्यात काही कमीपणा नाही, आणि पैसे व जागा दोन्ही वाचतील.

ओढ असेल तर माझं मत असं. दोन मध्यम मशीनं एकदम घेण्यापेक्षा आज एकच चांगलं घे आणि पैसे साठले की अगदी तेच मॉडेल दुसरं. दोन्हींचा फेडर आणि आर्म हाताला सारखे लागले पाहिजेत. एका मशीनवरही ठोक्यावर रेकॉर्ड सोडणं, मागे फिरवून पुन्हा पहिल्या ठोक्यावर आणणं, फोनवर वाजणाऱ्या गाण्याशी वेग जुळवणं हे सगळं शिकता येतं. एलपी-120 एक्स ही माझ्या लेखी खालची हद्द: 78 वाजवतं, सोबतचं व्हीएम-95 ई कार्ट्रिज ऐकायला छान आहे, पण त्याची मोटर पीएलएक्स-1000 किंवा एमके 7 इतकी दमदार नाही आणि ती लंबगोल सुई स्क्रॅचला लावायची नाही. स्क्रॅचकडे कल असेल तर पीएलएक्स-1000. ऐकणं आणि मिक्सिंग दोन्ही मनापासून करायचं असेल, घरातल्या 78 च्या रेकॉर्डही वाजवायच्या असतील तर 1200 एमके 7. तेवढे पैसे आज नसतील तर थांब, बेल्टच्या मशीनवर तडजोड करू नकोस. दुकानात जाशील तेव्हा तुला पाठ असलेली एक रेकॉर्ड बरोबर ने, तिची एक बाजू पूर्ण ऐक, आणि मगच बिल करायला सांग. मशीन घरी आलं की कळव, पहिल्यांदा वजन लावायला मी येतो.